बारावा खांब

सफोक, इंग्लंड
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय बाबा,

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. आईला मी रोज फोन करते. तुम्ही मागे खाटेवर बसलेले दिसता, आणि तिनं फोन तुमच्यापुढे धरला की उठून बाहेर ओसरीवर, सपरीत जाता. तीन वर्षं हेच चाललंय. राग असेल तर असू द्या. पण लाकडावर तुम्ही कधी रागावलेलं मला आठवत नाही, म्हणून आज लाकडाबद्दलच लिहिते.

तुम्ही मला लाकूड तासायच्या वाकसाला हात लावू दिला नाहीत. "पोरीच्या जातीनं कायले?" म्हणालात. आता इथे जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी दिवसभर ओकच्या लाकडावर पटाशी चालवते आणि वर त्याचा पगार घेते. घ्या!

सध्या ज्या घरावर काम चालू आहे ते एका शेतकऱ्याचं. सव्वाचारशे वर्षांचं. खाली हातभर विटांचं जोतं, त्याच्यावर चारही बाजूंनी आडवी जाड तुळई, तिच्यात खांब, खांबांवर पुन्हा तुळया आणि वर छप्पर. सगळं कुसवानं जोडलेलं. खांबाच्या टोकाला कुसू, तुळईत खाच, आरपार लाकडी खुंटी, आणि अख्ख्या सांगाड्यात एक खिळा नाही. खांबांच्या मधल्या भिंती काठ्या विणून त्यावर माती, भुसा आणि शेण लिंपलेल्या. म्हणजे आपला कुडच की! मी साहेबाला सांगितलं, हे मी लहानपणी आईबरोबर लिंपलंय, तर त्याला खरं वाटेना. वरचे वासे काळेकुट्ट आहेत. पूर्वी धुराडं नव्हतं, मधल्या खोलीत जमिनीवरच जाळ असायचा आणि धूर छपरातून वाट काढायचा.

सगळ्यात आवडलं ते हे. घर आधी मोकळ्या जागेत जमिनीवर आडवं जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर पटाशीनं रेघा कोरायचे, एक, दोन, तीन, मग सुटं करून जागेवर न्यायचे आणि नंबर पाहून उभं करायचे. त्या रेघा आजही बोटाला लागतात. आपल्याकडे नंबर कसे घालतात? तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. सोबत चित्र पाठवते आहे.

तुमची
ज्योत्सना


आंधळगाव, ता. मोहाडी
२ मार्च २०२४

चि. ज्योत्सना,

आशीर्वाद. पत्र पोचलं. पोस्टमनला तिकीट हवं होतं, ते आधी त्याला फाडून दिलं, मग वाचायला बसलो. चित्र चांगलं आहे. तुळईच्या टोकाशी तू चुकलीस असं वाटलं, पण भिंग लावून पाहिलं तर चूक माझीच होती.

रागाबद्दल लिहिलंस, त्यावर आज काही लिहीत नाही. लाकडाबद्दल विचारलंस ते सांगतो.

आपल्याकडे नंबर कोरत नाहीत. खांब उभा करताना त्याला हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो. पूजलेल्या लाकडावर पुन्हा घाव घालायचा नाही, असं माझ्या बाबांनी शिकवलं. त्यामुळे घर सोडवायची वेळ आली तर गेरूनं खुणा करायच्या. गेरूनंच तुझ्या रेवता आत्याचं घर खाल्लं. तू तेव्हा नागपूरला शिकत होतीस, तुला एवढंच माहीत आहे की गाव धरणात गेलं. बाकीचं आज सांगतो.

ते घर तुझ्या आजोबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, बांधलं. १९७० साली. बाईचं, म्हणजे तुझ्या आत्याचं, लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, सासरचं छप्पर गळत होतं. बाबा आपले सागाचे बारा खांब बैलगाडीनं घेऊन गेले, सोबत मी. मी सतरा वर्षांचा. माझं ते पहिलं काम. नदीकाठची काळी माती हलते म्हणून बाबांनी खांबांच्या खालीही आडवं लाकूड घातलं होतं, तुझ्या त्या साहेबाच्या घरासारखं. बेचाळीस वर्षांत एक सांधा सुटला नाही.

बारा वर्षांपूर्वी गाव उठलं. तेव्हा एका महिन्यात मी चाळीस घरं सोडवली. बाईच्या घराच्या लाकडांवर माझ्या हातानं गेरूचे आकडे टाकले. ट्रॅक्टरमध्ये दोन-तीन घरांची लाकडं एकत्र भरली होती. वाटेत अवकाळी आला. नव्या वस्तीत उतरवली तेव्हा आकडे नव्हते, नुसतं लाल पाणी गळत होतं.

मी बाईला म्हणालो, घाबरू नको, पुढच्या उन्हाळ्यात उभं करून देतो. मग जुळवायला बसलो तर एक खांब कुठेच बसेना. दुसऱ्या कोणाच्या घरचा खांब आपल्या ढिगात आला आणि आपला त्याच्याकडे गेला, हे उघड होतं. वस्तीतली सगळी घरं हिंडलो. कोणी खांब देईना, कोणाकडे सापडेना. नवा घालू म्हटलं तर बाई म्हणाली, "बाबाच्या हातचे बारा असतीन तर उभं कर. नाही तर राहू दे."

राहूनच गेलं. टिनाच्या दोन खोल्यांत राहते ती, आणि मागे ताडपत्रीखाली तिचं घर पडलेलं आहे. आता शहात्तर वर्षांची झाली. हिवाळाभर खोकत होती. ती मला एकदाही टोचून बोलली नाही, तेच मला जास्त लागतं. ती असेपर्यंत तिचं घर उभं राहावं, एवढंच माझं आता मागणं आहे.

तुझा
बाबा


सफोक
२४ मार्च २०२४

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. आत्याबाईकडे दिवाळीत जायचे तेव्हा त्या ताडपत्रीवर बसून आम्ही चिवडा खायचो. खाली काय आहे हे मी कधी विचारलं नाही. आता फार वाईट वाटतंय.

पण बाबा, अजून उशीर झालेला नाही. इथे आम्ही असंच कोडं सोडवतो. नंबर गेले तरी सांधा बोलतो. हातानं केलेले दोन सांधे कधी सारखे नसतात. प्रत्येक कुसवाची लांबी, रुंदी, जाडी घ्या. प्रत्येक खाचेची घ्या. खुंटीचं भोक कुसवाच्या खांद्यापासून किती बोटं, ते लिहा. मग सगळे आकडे मला पाठवा. मी इथे कागदावर आत्याबाईचं घर उभं करते, तुम्ही तिथे जमिनीवर आडवं जुळवा. खांब परका असेल तर तेही आकडेच सांगतील.

आणि या वेळी नंबर कोरा. पटाशीनं, खोल. आजोबांची क्षमा मी मागते.

साहेब म्हणतात, जुन्या घरात घाई करायची नसते. मी त्यांना म्हणाले, घराला वेळ आहे, आत्याबाईला नाही. लवकर जा, बाबा.

तुमची
ज्योत्सना


नवी वस्ती, दिघोरीकडे
२८ एप्रिल २०२४

चि. ज्योत्सना,

आशीर्वाद. हे पत्र बाईच्या घरून लिहितो आहे. एसटीनं आलो, पिशवीत दोन धोतरं आणि बाकी सगळी हत्यारं. कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, काय दरोडा टाकाले चालले काय?"

वीस दिवस झाले. शेजारचा भोजराज मदतीला येतो. भला माणूस, तळ्यावर सकाळची जाळी काढून झाली की इकडे. मागच्या आवारात चिंचेखाली आम्ही घर आडवं मांडलं आहे. बाई खाट टाकून बघत बसते. माझ्याशी बोलायचं असलं की उठून समोर येते आणि बोलते, ही तिची जुनी सवय.

नंबर कोरायची माझी हिंमत होईना. पटाशी लावायचो आणि उचलायचो. तिनं ते पाहिलं आणि मला नावानं हाक मारली.

"काय झालं रे केवळ?"

"पूजलेलं लाकूड हाय बाई. घाव कसा घालू?"

"दोन लेकरं झाली तवा माह्या अंगावर घाव नाही पडले का? म्हणून मी का बाटली? टाक नंबर!"

टाकले. अकरा खांब आपापल्या खाचेत बसले, ज्योत्सना. तू सांगितलेली मापाची रीत अगदी बरोबर निघाली. सपरी कुठे, स्वयंपाकघर कुठे, सगळं जमिनीवर ओळखू येतं. काल बाई त्या आडव्या घरात उठून गेली. जिथे तिची चूल होती तिथे जाऊन उभी राहिली आणि उगाच इकडे तिकडे बघत राहिली. मग एका जागी बोट दाखवून म्हणाली, "माठ अटी होता." मी तोंड फिरवलं.

बारावा मात्र बसत नाही. सपरीच्या कोपऱ्याची जागा रिकामी आहे, आणि हातात आहे तो हाच खांब. कुसू खाचेला सैल होतं, खुंटीचं भोक बोटभर खाली येतं. त्याची आणि बाकीच्या अकरांची मापं सोबत देतो. परकाच असणार. बाईला मी तो दाखवलाही नाही. एक हरवला आहे हे तिला माहीत आहे, तेवढं पुरे.

तिला परवा ताप होता. गोळी घेतली, उतरला.

बाबा


सफोक
२० मे २०२४

प्रिय बाबा,

"माठ अटी होता" वाचून मी कामावरच रडायला लागले. साहेबांनी चहा करून दिला. इथले लोक कशावरही चहाच देतात.

बाराव्या खांबाची मापं मी बाकीच्या अकराशी लावून पाहिली. तुम्ही म्हणता तशी बसत नाहीत. पण लाकडाची जाडी बाकीच्या अकरांइतकीच आहे, सुताचाही फरक नाही. परक्या घरचा खांब इतका जुळेल कसा? मला कळत नाही. मी विचार करते आहे.

इथे मात्र एक गंमत निघाली. कोपऱ्यातल्या एका खांबाचा पाय कुजला होता, म्हणून आम्ही भोवतीच्या भिंतीची माती काढली. खांब वर जाड आणि खाली बारीक! मला वाटलं, चूक झाली कोणाची तरी. साहेब हसले. इथले सुतार मुद्दाम झाड उलटं रोवायचे, बुंधा वर आणि शेंडा खाली. वर तीन तुळया एकाच खांबावर येतात, तिथे रुंद लाकूड लागतं, ते बुंध्यात मिळतं. तुम्ही हे वाचून काय म्हणाल ते मला इथूनच ऐकू येतंय. आपण झाड उगवतं तसाच खांब उभा करतो, बुंधा जमिनीकडे. उलटा खांब घराला खातो, असं तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. हे घर मात्र सव्वाचारशे वर्षं सुखानं उभं आहे.

अजून एक. याच खांबावरचे पटाशीचे घाव बाकीच्यांच्या उलट बाजूनं उतरतात. तो सुतार डावखुरा असणार. तुमच्या-माझ्यासारखा. मला एकदम घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

तुमची
ज्योत्सना


नवी वस्ती
१६ जून २०२४

चि. ज्योत्सना,

तुझं पत्र मंगळवारी आलं. वाचून तसाच उठून मागे गेलो आणि बारावा खांब उन्हात ओढून घेतला.

माझे बाबा उजव्या हाताचे. त्यांच्या पटाशीचे घाव उजवीकडून उतरतात, अकराही खांबांवर तसेच आहेत. या खांबाच्या दोन्ही कुसवांवरचे घाव डावीकडून उतरत होते. एका खांद्याशी पटाशी दोनदा घसरलेली. माझ्या अंगठ्यावर तो वण आहे बघ, वाघ चावला म्हणून तुला लहानपणी सांगायचो, तो त्या दिवसाचा आहे.

तो खांब परका नव्हता. तो माझा होता. बाबांनी अकरा स्वतः केले आणि एक मला एकट्याला दिला होता. मी टोकं ओळखण्यात चुकलो. बुंध्याकडे वरचं कुसू काढलं आणि शेंड्याकडे खालचं. दोन्हींत फरक बोटभराचा, दिसायला सारखीच. बाबांना उभं करताना कळलं असणार. सागाचा चांगला खांब, दुसरा आणायचा कुठून? त्यांनी तो तसाच, उलटा उभा केला आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. बारा वर्षं मी तो खांब बुंधा खाली धरूनच बसवत होतो, कारण दुसऱ्या तऱ्हेनं धरायचं माझ्या मनातच येऊ शकत नव्हतं.

भोजराजला हाक मारली. आम्ही खांब फिरवला. दोन ठोक्यांत आत गेला. भोजराज म्हणाला, "मामा, कसा आवाज देल्ला पाहा त्यानं!" मी मान हलवली.

मग मी बाईसमोर जाऊन बसलो.

"बाई, सपरीच्या कोपऱ्यातला खांब उलटा हाय."

"हाय ना," ती म्हणाली. "मले बाबानं तवाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणे, केवळनं चुकीच्या टोकाले माप घेतलं. पोरगं पहिल्यांदा एकटं काम करून राहिलं, त्याले कोणी सांगू नोका, त्याचा हात भिऊन जाईन. तुया घराले काही होत नाही, म्हणे, दर दिवाळीले त्या खांबाले मनापासून हळद लावत जा. मी लावत जाओ."

"अन् बारा वर्षं मले काहून नाही सांगितलं?"

"तू म्हटलं, एक खांब हरवला. मी मानलं. कोणता हरवला थे तू सांगितलं नाही अन् मी पुसलं नाही. तू आधीच मनाले लावून घेतलं होतं, मी अजून कायले पुसू?"

मी विचारलं, भाऊजी अकाली गेले, गाव बुडालं, हे त्या उलट्या खांबानं तर नाही झालं? ती हसली. हसता हसता खोकली. म्हणाली, "गाव का माह्या एकटीचं बुडालं? बाकीच्याइचे खांब तर सरळ होते ना?"

आम्ही दोघं म्हातारे तिथे चिंचेखाली बसून रडलो, ज्योत्सना. भोजराज बिचारा कुंपणापाशी जाऊन उगाच उभा राहिला.

घर आता पुरं आहे. बाराही खांबांवर नंबर आहेत. उद्याच उभं करावं असं माझ्या मनात होतं, पण पाऊस टेकला आहे, धानाच्या रोवणीसाठी गावातला प्रत्येक हात शेतात, बांधीत लागणार, आणि तुळया चढवायला दहा माणसं हवीत. बाई म्हणाली, बारा वर्षं थांबली, धान कापून होईपर्यंत थांबते. दिवाळीनंतरचा दिवस धरला आहे. लाकडं पुन्हा नीट रचून वर ताडपत्री आणि टिनं टाकली. मी आंधळगावला परत निघतो.

तू त्या उलट्या खांबाबद्दल लिहिलं नसतंस तर मी मरेपर्यंत दुसऱ्यांच्या घरात माझा खांब शोधत राहिलो असतो.

बाबा


सफोक
९ सप्टेंबर २०२४

प्रिय बाबा,

आईनं फोनवर सांगितलं तेव्हापासून पत्र लिहायला बसते आणि उठते. आई म्हणाली की आत्याबाई झोपेतच गेली, त्रास झाला नाही. तुमच्याबद्दल विचारलं तर ती गप्प झाली.

मला माहीत आहे तुम्ही काय विचार करत असाल. जूनमध्येच उभं केलं असतं तर. बाबा, पावसात तुळई चढवली असती आणि कोणाचा पाय घसरला असता तर आत्याबाईनं तुम्हाला जन्मभर माफ केलं नसतं. हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही, मी रोज तुळया चढवते म्हणून म्हणते.

ऐका. मी येत्या मार्चमध्ये सहा आठवड्यांची सुटी घेतली आहे. तिकीट काढलं. आपण दोघं मिळून घर उभं करू. आत्याबाईच्या धनंजयदादाला नको असेल तर मी त्याच्याशी बोलते. त्यात कोणी राहो ना राहो, आजोबांचे बारा खांब आणि त्यातला एक तुमचा, हे उभं राहिलंच पाहिजे. नकाशा मी पुरा केला आहे, सोबत पाठवते. आत्याबाईचा माठही काढला आहे, तिनं सांगितला तिथेच.

इथल्या घराचा कुजलेला पाय कापून आम्ही नवा ओक जोडला. माझ्या हातानं. आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही तिथे, मी बारा रेघा कोरल्या.

तोवर एकच करा. लाकडं ओली होऊ देऊ नका.

तुमची
ज्योत्सना


आंधळगाव
६ ऑक्टोबर २०२४

चि. ज्योत्सना,

आशीर्वाद. तुझ्या आईला मीच म्हणालो होतो की हे ज्योत्सनाला मी लिहीन. म्हणून ती गप्प झाली.

पोळ्याच्या आधीचा तो आठवडा. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. निरोप आला तेव्हा मी आणि तुझी आई मिळेल त्या गाडीनं निघालो. नाल्यांना पूर, तीन ठिकाणी उतरून चालावं लागलं. धनंजय नागपूरहून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तोपर्यंत बाई तशीच होती.

वस्तीत कोरडं लाकूड नव्हतं. कोणाच्याच घरी नाही. जे होतं ते पिळलं तर पाणी निघावं असं. भोजराज दोन गावं फिरून आला आणि मान हलवली. स्मशानात टिनाचं छप्पर आहे, पण छपराखाली जाळायचं काय? चार माणसं म्हणाली, जुने टायर आणि रॉकेल घालून होतं कसंतरी, पावसाळ्यात असंच करतात.

मी मागे गेलो आणि ताडपत्री ओढली. आत सगळं कोरडं होतं. तू सांगायच्या आधीच, जूनमध्ये नीट झाकलं होतं ना.

धनंजय धावत आला. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "मामा, नाही. आईच्या घराचे खांब आहेत हे. तुम्ही अख्खा उन्हाळा त्याच्यात घातला. राहू द्या, करू आपण काही तरी."

मी म्हणालो, "माह्या बहिणीले टायरवर जाळतं का? उचल."

त्यानं उचलला. मग सगळ्यांनी उचलले. बाराही. एकही कापू दिला नाही. कुऱ्हाड घेऊन आलेल्याला मी परत पाठवलं. रचायला मीच उभा राहिलो, नंबरानं. एक, दोन, तीन. सागाचे, तुझ्या आजोबांच्या हातचे, बेचाळीस वर्षं तिच्या डोक्यावरचं छप्पर धरलेले खांब. सगळ्यांचे बुंधे तिच्या पायाकडे. बारावा भोजराजनं बाकीच्यांसारखाच ठेवला. मी त्याला थांबवलं आणि तो फिरवून घेतला. बुंधा वर, तिच्या डोक्याकडे. तिच्या घरात होता तसा. लोकांना वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. तुझ्या आईनं जवळ येऊन त्या खांबाला हळद लावली, मी सांगितलं नसताना.

चांगला जळाला. धूर नव्हता.

तेव्हा पोरी, आता खांब नाहीत. तुळया आणि वासे तिथे पडून आहेत, पण ते कशावर चढवणार? तुझा नकाशा मी सपरीत खिळ्याला लावला आहे. घर आता तेवढंच. माठ बरोबर जागी काढलास.

एक गोष्ट राहिली. माझ्या बाबांनी मला सांगितलं नाही, बाईनं मला सांगितलं नाही, मी बाईला सांगितलं नाही. सगळ्यांनी मायेनंच केलं. त्यात बारा वर्षं गेली आणि तिचं घर गेलं. म्हणून आता मी तुझ्यापासून लपवलेलं लिहून टाकतो.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही. कधीच नव्हतो. मला ऐकू येत नाही. आरा मशीनवर तीस वर्षं काढली, कान हळूहळू गेले, तीन वर्षांपूर्वी पुरतेच गेले. फोनमध्ये तुझं तोंड हलतं, मध्येच चित्र थांबतं, मला एक शब्द लागत नाही. एवढ्या दूर गेलेल्या पोरीला बाप बहिरा झाल्याचं कशाला सांगायचं, म्हणून उठून सपरीत जायचो. तुझ्या आईलाही शपथ घातली होती. बाई समोर येऊन बोलायची ती सवय नव्हती, तिला माहीत होतं; समोरच्याच्या ओठांवरून मी समजून घेतो. बाराव्या खांबाचा आवाजही मी ऐकला नाही.

मार्चमध्ये तू ये. उभं करायला काही नाही, तरी तिकीट मोडू नको. माझा वाकस तुझ्या हातात देईन. तो डाव्या हातानं कसा धरायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शिकलो, ते तुला दाखवीन. आणि तुला जे बोलायचं असेल ते सपरीत उजेडाला बस, तोंड माझ्याकडे ठेव, आणि सावकाश बोल.

तुझा
बाबा